रामचंद्रपंत अमात्य व त्यांची राजनीति

मराठी गद्याच्या जुन्या ग्रंथांत ज्याचें नांव सर्वांनीं ऐकलें आहे, परंतु जो अथपासून इतिपर्यंत फारच थोड्यांनीं वाचला आहे, असा एक लहानसा ग्रंथ म्हणजे 'आज्ञापत्र' होय. विद्यापीठांच्या परीक्षांस तो अधूनमधून नेमला जातो. तेव्हां आमच्या बुधवार पेठेंत, अप्पा बळवंत चौकांतील दुकानांतून, त्याच्या प्रतींबरोबर त्याच्या 'मार्गदर्शकां'चीहि विक्री होते. आणि मूळ ग्रंथापेक्षां मार्गदर्शकांचीच अधिक होते. विद्यार्थ्यांस त्याबद्दल दोष देण्यांत अर्थ नाहीं. संस्कृत समास आणि फारशी दफ्तरी शब्द यांची गांठ एकाच वाक्यांत पडलेली पाहून चांगला वाचकहि प्रथम बिचकतो.

गेल्या कांहीं वर्षांत मात्र या ग्रंथांतील एक उतारा घरोघर जाऊन पोंचला आहे. आरमारासाठीं लाकूड तोडतांना रयतेच्या आंब्याफणसांस हात लावूं नये. तीं झाडें वर्षा-दोन वर्षांत होत नाहींत, लोकांनीं तीं पोटच्या पोरांप्रमाणें संभाळलेलीं असतात. तीं तोडलीं असतां त्यांच्या जिवाला लागणारा चटका फार मोठा, अशा आशयाचा तो उतारा आहे. वृक्षारोपणाच्या समारंभांत, शाळांच्या भिंतींवर, वक्त्यांच्या भाषणांत तो येतो, आणि बहुधा शिवछत्रपतींचा हुकूम म्हणून येतो. शिवछत्रपति १६८० सालीं निवर्तले. आज्ञापत्र १७१५ सालचें आहे, आणि तें ज्या राजाच्या नांवें निघालें तो कोल्हापूरचा संभाजी, म्हणजे शिवछत्रपतींचा नातू. लेखणी कोणाची, तर रामचंद्र नीलकंठ अमात्य यांची, असें बहुतेक अभ्यासक मानतात, व आम्हांसहि तसेंच वाटतें.

यावर कोणी म्हणेल कीं, आजोबांची रीत नातवाच्या पत्रांत आली, तींत एवढें खटकण्यासारखें काय आहे? विचार शिवछत्रपतींचाच असावा, हें आम्हीहि नाकारीत नाहीं. राज्याभिषेकाच्या आगेमागे चिपळूणकडील लष्कराच्या अंमलदारांस गेलेलें त्यांचें पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळ्याकरितां सांठविलेलें गवत-दाणा आतांच उधळाल तर पुढें घोडीं उपाशी मरतील, मग तुम्ही रयतेच्या दारीं जाल, आणि रयत म्हणेल कीं याहून मोंगल बरे. दिवा जळत ठेवून निजाल तर उंदीर वात ओढून नेईल आणि गंजी पेटतील, इतक्या बारकाईनें तें पत्र लिहिलें आहे. तें वाचून आज्ञापत्र हातीं घेतलें म्हणजे धन्याची नजर चाकराच्या अंगीं कशी मुरली होती तें दिसतें. परंतु मुरलेली गोष्ट निराळी आणि मूळची निराळी. ग्रंथांतला गोड तेवढा घांस काढून तो एका मोठ्या नांवाच्या पानांत वाढला, म्हणजे उरलेला ग्रंथ आणि त्याचा कर्ता दोघेहि उपाशी राहतात. आज्ञापत्रांतलीं जीं प्रकरणें भिंतीवर लावण्यासारखीं नाहींत, तींच आमच्या मतें त्याचा खरा जीव आहे. आणि तीं कळण्यास कर्त्याचें चरित्र ठाऊक असावें लागतें.

रामचंद्रपंतांचें घराणें बहुतकर. चुलते आबाजी सोनदेव कल्याणच्या मोहिमेमुळें शाळेंतल्या मुलांसहि माहीत आहेत. वडील निळो सोनदेव हे शिवछत्रपतींचे मुजुमदार. ते १६७२ सालीं वारले व कामकाज मुलांकडे आलें. ६ जून १६७४ रोजीं रायगडावर अभिषेक झाला, तेव्हां रामचंद्रपंत अष्टप्रधानांत उभे होते. वय पंचविशीच्या आंतबाहेर. त्या दिवशीं त्यांच्या पदाचें नांवहि बदललें. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, डबिराचा सुमंत, सरनोबताचा सेनापति. नवें राज्य स्वतंत्र झालें, तर त्याच्या कचेरीची भाषाहि स्वतंत्र असावी, म्हणून राजव्यवहारकोश सिद्ध करविण्यांत आला. हें सारें सर्वश्रुत आहे. परंतु पुढें पंधरा वर्षांनीं याच अमात्यास सर्वांत मोठा जो किताब मिळाला तो 'हुकुमतपन्हा' हा. फारशी, आणि तोहि स्वराज्याच्या छत्रपतींनीं दिलेला! कोश करून भाषा एका पिढींत बदलत नाहीं. आज्ञापत्राच्या गद्यांतहि राजधर्म सांगतांना संस्कृत आणि किल्ल्याचा कारभार सांगतांना फारशी असे दोन प्रवाह शेजारीं शेजारीं वाहतात, याचें कारण हेंच कीं कर्ता दोन्ही घरांत वाढलेला होता.

तो किताब कोणत्या वेळीं मिळाला तें पाहिलें पाहिजे. १६८९ च्या आरंभीं संभाजी महाराज संगमेश्वरीं पकडले गेले आणि ११ मार्च रोजीं त्यांचा वध झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस रायगड पडला. येसूबाई व बाळ शाहू मोंगलांच्या हातीं गेले. राजाराम महाराज प्रतापगड, पन्हाळा करीत कर्नाटकांत जिंजीस निघून गेले. राजा शेंकडों कोसांवर, राजधानी शत्रूच्या ताब्यांत, खजिना रिकामा, आणि बादशहा स्वतः दक्षिणेंत तळ देऊन बसलेला. अशा वेळीं सह्याद्रीच्या बाजूचा सारा मुलूख रामचंद्रपंतांच्या स्वाधीन झाला. हाताखालीं शंकराजी नारायण व परशुराम त्रिंबक यांच्यासारखे करारी कारभारी, आणि मैदानांत संताजी घोरपडे व धनाजी जाधव. विशाळगड, पन्हाळा या टापूंतून पंतांनीं हा संसार नऊ वर्षें चालविला. परशुराम त्रिंबकांनीं १६९२ त पन्हाळा परत घेतला. शंकराजींनीं मावळांतले गड एकामागून एक काढले. १६९८ त जिंजी पडून राजाराम महाराज परत आले, तेव्हां त्यांस यावयास एक राज्य शिल्लक होतें. नव्यानें स्वतंत्र झालेलें राज्य पहिल्या कर्त्या पुरुषाबरोबर बुडतें, असा इतिहासाचा पुष्कळ ठिकाणचा अनुभव आहे. तें येथें बुडालें नाहीं, याच्या यशांत मोठा वांटा या एका चाकराचा आहे. संताजी-धनाजींचे पोवाडे झाले. त्यांच्या फौजांस दाणागोटा पुरविणाऱ्याचा पोवाडा कोण करणार?

पुढचें चरित्र इतकें उजळ नाहीं, आणि तें झांकण्याचें आम्हांस कारण दिसत नाहीं. मार्च १७०० मध्यें राजाराम महाराज सिंहगडावर वारले. ताराबाईंनीं आपल्या मुलास गादीवर बसवून कारभार हातीं घेतला, तेव्हां शाहूचा हक्क मानणारे म्हणून पंत मागें पडले आणि परशुराम त्रिंबक पुढें आले. १७०७ त औरंगजेब अहमदनगरास मरण पावला, शाहू सुटून आला, खेडची लढाई झाली, आणि १७०८ त साताऱ्यास शाहूचा अभिषेक झाला. या वेळीं रामचंद्रपंत कोठें होते? ज्याचा हक्क त्यांनीं बोलून दाखविला होता त्या शाहूकडे नव्हेत, ताराबाईंकडे, पन्हाळ्यास. आणि १७१४ त पन्हाळ्यावर जी क्रांति झाली, जींत ताराबाई व त्यांचा मुलगा कैदेंत पडले आणि राजसबाईंचा मुलगा संभाजी गादीवर आला, तींतहि पंतांचें अंग होतें. चाळीस वर्षें एका गादीची सेवा केलेल्या पुरुषानें अखेरीस ती गादी एकाकडून काढून दुसऱ्यास द्यावी, हें समर्थनीय कीं कसें, याविषयीं इतिहासकारांनीं वाद घालावा. टीकाकारास त्यांतून एवढेंच घ्यावयाचें आहे कीं, आज्ञापत्र लिहिलें गेलें तें विजयाच्या शिखरावरून नव्हे. राज्याचे दोन तुकडे झालेले, त्यांतल्या लहान तुकड्याचा राजा सतरा वर्षांचा, त्याची सत्ता वर्षभराची, आणि कारभारी पासष्टीच्या घरांत आलेला. त्यानंतर लवकरच पंत वारले. पन्हाळ्यावर त्यांची समाधि आहे.

हें ध्यानांत घेतलें म्हणजे ग्रंथाच्या आवाजाचा चमत्कार उलगडतो. बोलतो राजा, आज्ञा त्याची, शिक्का त्याचा. परंतु राजानें कसें वागावें याचेंहि एक प्रकरण त्यांत आहे! स्वतःच्या नांवानें निघालेल्या आज्ञेंत राजा स्वतःसच समज देतो: स्तुतिपाठकांस दूर ठेवावें, चाकराचें वेतन वेळेवर द्यावें, थोरामोठ्यांचा उपमर्द करूं नये. सतरा वर्षांच्या मुलास समोर बसवून हें उघड सांगणें अवघड. त्याच्याच तोंडून वदविणें सोपें. प्रधानाचें प्रकरण तर याहूनहि मौजेचें आहे. मातलेल्या हत्तीस जसा अंकुश तसा राजास प्रधान, ही उपमा त्यांत आहे, आणि ती राजाच्या तोंडीं आहे. फ्रान्सांत चौथ्या हेन्रीचा प्रधान सली यानें म्हातारपणीं आपल्या आठवणी लिहविल्या, त्यांत त्याचे चिटणीस त्यालाच उद्देशून 'आपण असें केलें, आपण तसें केलें' असें सांगतात. आत्मस्तुतीचा संकोच टाळण्याची ती युक्ति. आमच्या अमात्यांची युक्ति अधिक धीट आहे. त्यांनीं राजाचाच आवाज उसना घेतला.

मॅकिआव्हेली आणि कौटिल्य यांच्याशीं आज्ञापत्राची तुलना करण्याची आपल्याकडे रीत पडली आहे. ती आम्हांस फारशी उपयोगाची वाटत नाहीं. मॅकिआव्हेलीनें आपला ग्रंथ अधिकार गेल्यावर, तो परत मिळावा या आशेनें लिहिला. अमात्यांचा अधिकार हातांत होता, आयुष्य मात्र संपत आलें होतें. अर्थशास्त्राची पोथी म्हैसुरास सांपडून १९०९ सालीं छापली गेली. ती पंतांच्या वाचनांत होती असें मानण्यास आधार नाहीं. शिवाय कौटिल्य सर्व राज्यांस लागू पडेल असें शास्त्र रचतो. पंतांस शास्त्र रचावयाचें नाहीं. घोडदळावर मराठ्यांचा एवढा भर, परंतु त्यावर स्वतंत्र प्रकरण नाहीं. न्यायावर नाहीं. शास्त्रकारानें असें केलें नसतें. ज्या गोष्टी आपल्यामागून बिघडतील अशी धास्ती होती, त्याच पंतांनीं लिहून ठेवल्या, असें आमचें अनुमान आहे.

ग्रंथाचीं पहिलीं दोन प्रकरणें, शिवछत्रपतींचा पराक्रम आणि पुढची धामधूम यांचीं, गौरवाच्या सांच्यांतलीं आहेत. विशेषणांची रांग लागते, वाक्य संपतां संपत नाहीं. बखरींत, उदाहरणार्थ जिंजीस राजारामांच्या आज्ञेवरून लिहिलेल्या सभासदाच्या बखरींत, जी ताजी धांव आहे ती येथें नाहीं. परंतु दुर्गांचें प्रकरण लागलें कीं लेखणी एकदम जमिनीवर येते. सर्व ग्रंथांत विस्तृत असें हें प्रकरण आहे. गड बांधण्यापूर्वीं पाणी पाहावें, हें कोणीहि सांगेल. पंत पुढें सांगतात कीं, झरा जिवंत आहे एवढ्यावर विसंबूं नये, टाकीं खोदून ठेवावींत. कारण लढाईंत तोफांच्या आवाजांनीं झरे आटतात. ही समजूत पदार्थविज्ञानास पटो वा न पटो. वेढ्यांत बसून पाण्याची धार बारीक होतांना ज्यानें पाहिली नाहीं, त्यास ती सुचणार नाहीं. शेजारची टेकडी गडाहून उंच असेल तर तिची आधीं व्यवस्था लावावी; दरवाजा एकच नसावा; तो खालून माऱ्यांत येईल असा समोर नसावा; दारूखाना वस्तीपासून दूर असावा. आणि मग केर! गडावरचा केर वाटेवर टाकूं नये, खालीं लोटूं नये, जागच्या जागीं जाळावा, आणि त्याची राख परसांत घालून भाजीपाला करावा. औरंगजेबाशीं झुंजलेला प्रधान केराच्या राखेपर्यंत येतो, यांत हंसण्यासारखें कांहीं नाहीं. गडावर माणसें आठ-आठ महिने कोंडलेलीं असत. रोगराईनें गड शत्रूच्या आधीं पडतो. या प्रकरणांतलें वाक्य आंखूड आहे, क्रियापद नेमकें आहे, आणि 'जतन' हा शब्द पुनःपुन्हा येतो. मराठी कारभारी गद्याचा याहून चांगला नमुना आम्हांस ठाऊक नाहीं.

आतां वतनदारांकडे वळूं. ग्रंथांतील सर्वांत तिखट प्रकरण हें. देशमुख, देशपांडे, पाटील, कुळकर्णी यांस लोक वतनदार म्हणतात. पंत म्हणतात, हे लहान प्रमाणावरचे राजेच, राज्याचे भाऊबंद वांटेकरी. आहे तेवढ्यावर यांचें समाधान नाहीं. दुबळ्याचें ओढून घ्यावें, वाडे-हुडे बांधावे, आणि परचक्र आलें कीं वतन राखण्यासाठीं सर्वांच्या आधीं जाऊन शत्रूस भेटावें, इकडचा भेद तिकडे द्यावा, हा यांचा स्वभाव. म्हणून यांस फार वाढूंहि देऊं नये आणि अगदीं तोडूंहि नये. गोडी आणि दंड दोन्ही हातीं ठेवून चालवावें. लागूनच वृत्ति-इनामांचें प्रकरण आहे. चाकरानें पराक्रम केला तर त्यास रोकड बक्षीस द्यावें, मान द्यावा. जमीन वंशपरंपरा देऊं नये. दिलेली जमीन परत येत नाहीं, आणि एक-एक गांव असा गेला म्हणजे राज्य म्हणून हातीं काय उरणार? हिशेब साधा आहे, मुजुमदाराच्या मुलानें मांडावा असा.

परंतु याच मुजुमदाराच्या मुलानें नऊ वर्षें काय केलें होतें? औरंगजेब देशमुखांस मनसबी आणि वतनाच्या सनदा वांटीत होता. म्हसवडचे नागोजी माने यांच्यासारखे मातबर सरदार या दारांतून त्या दारांत जात-येत होते. त्यांस राखावयाचें तर तीच वस्तु आपणहि द्यावी लागे. रोकड तर नव्हतीच. राजाराम महाराजांनीं १६९१ सालीं हणमंतराव घोरपड्यांस दिलेल्या पत्रांत रायगडापासून दिल्लीपर्यंत जिंकण्याची भाषा आहे आणि त्या-त्या यशाचें बक्षीस आधींच नेमलें आहे. न जिंकलेल्या मुलखावर लिहिलेली ती हुंडी होती. इकडे महाराष्ट्रांत अशा हुंड्या लिहिण्याचें आणि वटविण्याचें काम हुकुमतपन्हांच्या दफ्तरांतून चाले. शिवछत्रपतींनीं आवरून धरलेली गोष्ट त्यांच्याच अमात्याच्या हातून सैल सुटली. आणि स्वतः अमात्यांचें काय? गगनबावड्याकडचा मुलूख त्यांच्या घराण्यास मिळाला, त्यावरून ते बावडेकर झाले, आणि ती जहागीर १९४९ सालीं कोल्हापूर संस्थान विलीन होईपर्यंत त्यांच्या वंशाकडे चालली. त्यांचे जोडीदार शंकराजी नारायण यांचें भोर झालें, परशुराम त्रिंबकांचें औंध झालें. तीं दोन्ही १९४८ पर्यंत संस्थानें म्हणून टिकलीं. वतनाच्या विरुद्ध एवढें कडक लिहिणारा गृहस्थ स्वतः एका वतनाचा मूळपुरुष!

वर्गांत हें प्रकरण चाललें असतां कोणी ना कोणी विद्यार्थी हा प्रश्न विचारतोच, आणि ढोंगीपणा हा शब्द उच्चारतोच. त्या शब्दानें प्रश्न मिटतो असें आम्हांस वाटत नाहीं. ढोंगी मनुष्य आपल्या हिताचें तत्त्व सांगतो आणि उलट वागतो. पंतांनीं सांगितलेलें तत्त्व त्यांच्या घराच्या हिताचें मुळींच नव्हतें. तें अमलांत आलें असतें तर पहिली कुऱ्हाड बावड्यावर पडती. वतनदार परचक्राच्या वेळीं कसा वागतो याचें जें वर्णन त्यांनीं केलें आहे, तें ऐकीव नाहीं. १६८९ नंतर प्रत्येक खोऱ्यांतला देशमुख त्यांनीं तोलून पाहिला होता. कोणास काय दिलें म्हणजे तो आठवडाभर आपला राहतो, याचा हिशेब त्यांच्या दफ्तरांत होता. या प्रकरणांत वाक्यें पुन्हा लांबतात, परंतु पहिल्या प्रकरणांसारखीं शोभेसाठीं नव्हे. एकामागून एक आरोप येतात आणि लेखकास थांबवत नाहीं. मात्र एक गोष्ट जी त्यांनीं लिहावयास हवी होती ती लिहिली नाहीं. आम्ही स्वतः निरुपायानें हें विष वांटलें, असा एक शब्द ग्रंथांत नाहीं. राजाच्या आवाजांत लिहिण्याची जी सोय त्यांनीं घेतली, तिची ही किंमत. राजा आपल्या प्रधानाच्या वतीनें कबुली कशी देणार? आमच्या मतें ग्रंथांतील सर्वांत मोठें व्यंग हेंच आहे, आणि त्यापुढें भाषेच्या क्लिष्टतेची तक्रार क्षुल्लक होय.

सावकारांविषयींचें प्रकरण लहान, परंतु रमणीय आहे. सावकार ही राज्याची शोभा. त्याच्या योगें नसलेल्या वस्तु मिळतात आणि अडल्या वेळीं कर्ज उभें राहतें. म्हणून गांवोगांव पेठा वसवाव्यात, सणावारीं त्यांस बोलावून मान द्यावा. या ओळी वाचतांना बुधवारांत राहणाऱ्यास एक गोष्ट आठवल्यावांचून राहत नाहीं. ही आमची पेठ मुळांत औरंगजेबानें १७०३ च्या सुमारास पुण्यास मुक्काम असतां मुहियाबाद या नांवानें वसविली. त्याच सालीं सिंहगड त्याच्या हातीं गेला. म्हणजे पेठ वसविण्याचें अमात्यांचें धोरण त्यांच्या शत्रूसहि ठाऊक होतें, आणि त्यानें तें त्यांच्याच मुलखांत चालविलें होतें. पुढें पेशव्यांनीं पेठेस वाराचें नांव दिलें आणि पंतांच्या प्रकरणांत सांगितलेला सराफ, कापडकरी, बोहारी येथें येऊन नांदला.

याच सावकारांच्या प्रकरणांत टोपीकर येतात. स्वतंत्र प्रकरण त्यांस दिलेलें नाहीं, आणि हीच त्यांतली मार्मिकता. फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरासीस हे आले सावकार म्हणून, तर त्यांची गांठ सावकारांच्या यादींतच घ्यावी. परंतु पंत लगेच सांगतात कीं, इतर सावकारांसारखे हे नव्हत. यांच्या पाठीमागें यांचे यांचे राजे आहेत. हे मुलखांत शिरूं पाहतात, आपला धर्म वाढवूं पाहतात, आणि हातीं आलेली जागा मेल्यावांचून सोडीत नाहींत. व्यापारास येऊं द्यावें, जाऊं द्यावें. जंजिऱ्यांजवळ फिरकूं देऊं नये. वखारीस जागा देणेंच पडलें तर समुद्रकांठीं वा खाडीच्या मुखाशीं न देतां आंत, मोठ्या शहराच्या शेजारीं, सखल ठिकाणीं द्यावी, आणि पक्कें बांधकाम करूं देऊं नये. आरमार, तोफा, दारूगोळा हें त्यांचें बळ. त्यापासून तोडले म्हणजे ते दुबळे. १७१५ सालीं मुंबईच्या इंग्रजांकडे पाहून हें लिहिणाऱ्याच्या दृष्टीस आम्ही नमस्कार करतों. पण तोहि शंभर टक्के खरा ठरला नाहीं, हें सांगितलें पाहिजे. १७८६ त मॅलेट पुण्यास येऊन संगमावर राहिला; समुद्रापासून इतक्या आंत, मोठ्या शहराच्या शेजारीं, अगदीं अमात्यांच्या नियमानें! त्याच्या बंगल्याजवळ तोफा नव्हत्या, आणि त्यांची गरजहि त्यास पडली नाहीं. दरबारांतली बातमी पुरली. १८१८ नंतर बुधवारवाड्यांत इंग्रजांच्या कचेऱ्या भरल्या आणि १८७९ त तो वाडा जळाला.

ग्रंथाच्या प्रतींविषयीं दोन शब्द येथेंच सांगून टाकूं. आज्ञापत्र प्रथम छापलें गेलें तें एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत, 'विविधज्ञानविस्तारां'तून. पुणतांबेकरांनीं १९२९ सालीं त्याचें इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केलें. विद्यार्थ्यांच्या हातीं बनहट्टी आणि खोले यांच्या आवृत्त्या असतात. दोन्हींच्या प्रस्तावना वाचनीय आहेत. तरीहि मराठीच्या अध्यापकांनीं याकडे इतिहासाचें साधन म्हणून पाहावयाचें आणि इतिहासाच्या अध्यापकांनीं वाङ्मय म्हणून सोडून द्यावयाचें, अशी जी चाल पडली आहे, तिचा तोटा दोघांसहि होतो.

शेवटचें प्रकरण आरमाराचें. आरमार हें राज्याचें स्वतंत्र अंग आहे, हें येथें ठांसून सांगितलें आहे. गुराबा फार थोर नसाव्यात, फार लहानहि नसाव्यात. त्यांबरोबर गलबतें असावींत. भिंतीवर लागणारा झाडांचा उतारा या प्रकरणांतला; आणि त्याच्या शेजारची, कोणी भिंतीवर न लावलेली, एक आज्ञा आम्हांस अधिक मोलाची वाटते. आरमाराचा खर्च बंदरांच्या उत्पन्नावर बसवूं नये. त्यासाठीं मुलखांतले महाल नेमून द्यावेत. कारण खर्च बंदरावर बसला म्हणजे दर्यावर्दी सावकारास पीडा होते, सावकार मोडतो, आणि सावकार मोडला म्हणजे बंदरच मोडतें. लाकडाचें कलमहि याच हिशेबाचें आहे: सागवान हुजूर परवानगीनें तोडावा, आंबा-फणस तोडूं नये, एखादें झाड अगदीं जीर्ण झालें असेल तर धन्याची खुशी करून, किंमत देऊन घ्यावें. त्यांत दया आहेच. परंतु दर्यावर लढण्याचा खर्च रयतेनें आणि व्यापाऱ्यानें गुपचूप सोसूं नये, तो सरकारानें उघड सोसावा, हा हिशेबी विचारहि आहे; आणि दोहोंस वेगळें करतां येत नाहीं.

हें प्रकरण लिहून एकेचाळीस वर्षें झालीं, तेव्हां फेब्रुवारी १७५६ मध्यें नानासाहेब पेशव्यांनीं इंग्रजांची मदत घेऊन विजयदुर्गास आंग्र्यांचें आरमार जाळविलें. त्याच वर्षीं झालेल्या तहांत विजयदुर्ग पेशव्यांकडे आला, आणि त्याच्या मोबदल्यांत इंग्रजांस बाणकोट मिळालें. बाणकोट सावित्री नदीच्या मुखावर आहे.